डबे चालू केले आणि कोकरांची वाढ उलट कमी झाली, हे कसं?

खंडवारोडकर (इंदूर)

नमस्कार मंडळी. आमची मराठी इंदुरी आहे, मधूनच हिंदी डोकावेल, सांभाळून घ्या.

चाळीस वर्षं सियागंजात एका पेढीवर हिशेब लिहिला. निवृत्त झाल्यावर सिमरोलच्या पुढं, खंडवा रोडला वडिलांची साडेतीन एकर जमीन होती, तिथं मेंढ्या पाळल्या. घरातले म्हणाले, गाय पाळा, दूध तरी मिळेल. पण होळकरांच्या गावात राहायचं आणि मेंढ्यांना नाक मुरडायचं, हे काही मला पटलं नाही. पाली-जालोरकडचे रायका लोक दरवर्षी कळप घेऊन माळव्यात उतरतात. त्यांच्यातल्या एकाकडून तीन वर्षांपूर्वी मारवाडी जातीच्या मेंढ्या घेतल्या. आज २६ मेंढ्या आणि दोन मेंढे आहेत. यंदा कार्तिकापासून पौषापर्यंत २३ कोकरं झाली.

खाणं असं: दिवसभर आयांबरोबर चराई, संध्याकाळी प्रत्येकी साधारण दोनशे ग्रॅम भरडा. त्यात मका, सोयाबीनची डीओसी (म्हणजे तेल काढलेली पेंड), चापड (म्हणजे गव्हाचा कोंडा) आणि मीठ. डीओसी इथं कायम मिळते, माळव्यात सोयाबीनला काय तोटा.

आता मुद्दा. संक्रांतीच्या सुमारास एका दुकानदारानं दोन डबे दिले. एक यीस्टचा, ‘प्रोबायोटिक’ म्हणून. दुसरा ‘ग्रोथ और इम्युनिटी’वाला, राखाडी पावडर. म्हणाला, “अंकल, इसका दो ग्राम, उसका एक चम्मच, पंद्रह दिन में फर्क दिखेगा.” मी पडलो हिशेबाचा माणूस, फरक नुसता दिसून चालत नाही, वहीत उतरायला हवा. म्हणून १२ कोकरांच्या गळ्यात लाल दोरा बांधला, त्यांना दोन्ही डबे. बाकीच्या ११ ना निळा दोरा, त्यांना नुसता भरडा. लिंबाच्या फांदीला स्प्रिंगचा काटा टांगला, कोकरू बारदानात घालून वजन केलं. कोकरू बारदानात गेलं की गप्प होतं, डोकं तेवढं बाहेर. बायको म्हणते, भाजी आणल्यासारखी आणता.

संक्रांतीला पहिलं वजन, फेब्रुवारी संपताना दुसरं. मध्ये ४५ दिवस. निळा दोरा: सरासरी ५ किलो ३०० ग्रॅम वाढ. लाल दोरा: ४ किलो २००. म्हणजे रोजचे ११८ ग्रॅम विरुद्ध ९३. पैसे घालून वाढ कमी! बेरीज तीनदा तपासली.

विचारायचं हे की यीस्टनं वाढ खुंटते का? का डबाच नकली? दुकानदार म्हणतो, “अंकल, पहले इम्युनिटी बनती है, वजन बाद में.” हे खरं असतं का? आणि इम्युनिटी वाढली हे घरच्या घरी कशावरून ओळखायचं?

जाता जाता, लाल दोऱ्यातलं एक कोकरू रंगपंचमीला आजारी पडलं आणि गेलं. त्याचा याच्याशी काही संबंध नसावा. सगळ्यांत दांडगं होतं ते, दुसऱ्याच्या तोंडातलं ओढून खायचं. त्या दिवशी राखणदार गेर (रंगपंचमीची मिरवणूक) बघायला राजवाड्यावर गेला होता आणि आम्हीही दुपारी उशिरा पोचलो, तोवर कळप कोंडलेलाच. लघवी लालसर-काळी दिसली, मला वाटलं पोरांनी रंग टाकलाय. संध्याकाळी खाली बसलं ते उठलं नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी संपलं. हिरड्या आणि डोळे हळदीसारखे पिवळे. कावीळ झाली असेल म्हणून पुरून टाकलं. डबे अजून चालू आहेत, ग्रोथवाला चौथा संपत आलाय.

---

माणदेशी_मेंढका (आटपाडी)

दादा, वहीचं लय कौतिक वाटलं. आमच्याकडं वजन म्हंजे हातानं उचलून बघायचं.

पण पयली गोष्ट लिवलीच न्हाई तुमी. लाल दोरा कुणाच्या गळ्यात बांधला? चिठ्ठी टाकून बांधला का डोळ्यानं बघून? माणसाचा हात अशक्तावर जातोच. ज्याला आईचं दूध कमी, ज्याची हाडं वर आल्यात, त्यालाच आपुन औषध देतो. मग वजनाला त्येच मागं राहनार.

दुसरं. कोकराची ताकत डब्यात नसती, चिकात असती. मेंढीच्या पोटात असताना पोराला आईकडनं रोगाशी भांडायचं कायबी मिळत न्हाई, जे मिळतं ते जल्मल्यावर चिकातनं. पैल्या तासा-दोन तासांत उठून सडाला लागलं पायजे. न्हाई लागलं तर चीक पिळून बाटलीनं पाजायचा. दिवस उलटला की त्याच्या आतड्याची दारं बंद, मग किती बी पाजा, निस्तं दूध म्हणून पचतं. आमची म्हातारी रात्री बॅटरी घिऊन वाड्यात बसती, तिला कोण डॉक्टरनं सांगितलं न्हाई.

आन दांडगं कोकरू मेलं म्हनता ते आंत्रविषार असंल. आमच्याकडं नेहमीचंच. चांगलं खानारंच जातं, रातीत. लस केली होती का?

---

खंडवारोडकर

भाऊ, पकडलंत. वही काढून बसलो. लाल दोऱ्यातली सात कोकरं पौषातली, उशिरा झालेली. त्यातल्या तिघांच्या आया पहिलटकरणी, दूध नावाला. “यांना गरज आहे” म्हणून मीच निवडली होती. मग बाराचा आकडा भरायला पाच धडधाकट घातली, रंगपंचमीचं त्यातलंच.

आता वेगळं काढलं. ती सात: सरासरी साडेतीन किलो. लालमधली पाच धडधाकट: ५ किलो २००. निळ्या दोऱ्याची ५ किलो ३००. म्हणजे डब्यांनी ना वाढवलं ना घटवलं, मी मात्र पेढीवर कुणी असा ताळेबंद आणला असता तर हाकलून दिला असता.

लस: पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग) सरकारी मोहिमेत टोचली होती, मेंढ्यांना. आंत्रविषाराची नाही. चिकाचं म्हणाल तर जी रात्री व्याली तिची वाट राखणदारानं पाहिली की नाही, देव जाणे.

---

दांडियाबाजार (बडोदा)

काका, मी पशुखाद्याच्या प्रयोगशाळेत चौदा वर्षं आहे, यीस्टवर मी बोलते.

यीस्ट म्हणजे विष नाही आणि जादूही नाही. जिवंत यीस्ट पोटाच्या मोठ्या कप्प्यात, म्हणजे रुमेनमध्ये, उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकतं. तिथले चारा पचवणारे जिवाणू प्राणवायूला घाबरतात, ते मग जोमानं वाढतात. आम्ल खाणारे जिवाणूही वाढतात, त्यामुळे दाणा जास्त झाला तरी पोट एकदम आंबट होत नाही. याचा उपयोग कुणाला? ज्यांना गोठ्यात बांधून मक्यावर फुगवतात त्यांना. तुमची कोकरं दिवसभर चरतात आणि संध्याकाळी ओंजळभर भरडा खातात. त्यांच्या पोटात यीस्टनं दुरुस्त करावं असं काही बिघडलेलंच नाही. म्हणून फरक नाही, डबा असली असला तरी.

वयाचाही प्रश्न आहे. पहिले तीन आठवडे कोकरू जवळजवळ एकाच पोटाचं जनावर असतं. दूध अन्ननलिकेच्या खाचेतून रुमेनला वळसा घालून थेट शेवटच्या कप्प्यात जातं. दहा-पंधरा दिवसांनी ते भरडा चघळायला लागतं, त्यातल्या पिठूळ भागापासून ब्युटिरिक आम्ल तयार होतं आणि त्यानं रुमेनच्या आतल्या बारीक फुगवट्या वाढतात. टॉवेलच्या लूपसारख्या दिसतात त्या. म्हणजे रुमेन वाढवायचं खरं औषध तुमचा मक्याचा भरडाच आहे, फक्त आया पोचणार नाहीत अशा अरुंद फटीच्या कुडात ठेवा. आया पोचल्या की कोकरांना वास तेवढा मिळतो.

डब्यावर काय लिहिलंय ते बघा. जिवंत यीस्ट असेल तर एका ग्रॅममध्ये किती जिवंत पेशी हा आकडा हवा. तो नसेल तर मी तरी घेणार नाही. ढोबळ परीक्षा घरी होते: कोमट पाण्यात साखर आणि चमचाभर पावडर, पंधरा-वीस मिनिटांनी फेस यायला हवा. पण काही डब्यांत यीस्टच्या पेशींची नुसती सालं असतात, त्यांना फेस येत नाही आणि यायचाही नसतो. त्या सालांतली मॅनन नावाची साखर ई. कोलायसारख्या जंतूंना चिकटवून घेते, ते आतड्याला चिकटण्याऐवजी लेंडीतून बाहेर जातात. बीटा-ग्लुकन नावाचा दुसरा भाग शरीरातल्या भक्षक पेशींना डिवचतो. ‘इम्युनिटी’ शब्द बहुतेक डब्यांवर या दोघांच्या जोरावर छापलेला असतो. जिथं हगवण सारखी चालू असते तिथं उपयोग दिसतो, स्वच्छ कोरड्या वाड्यात दिसेलच असं नाही.

तुमचा दुकानदार जे म्हणाला ते मात्र उलटं आहे. प्रतिकारशक्ती कामाला लागली की ती खाणं मागते, वाढीच्या वाट्यातलंच. ताप आलेलं कोकरू वाढत नाही ते नुसतं खात नाही म्हणून नव्हे. आधी इम्युनिटी आणि मग आपोआप वजन, असा काही क्रम नसतो.

एक सांगायचं राहिलं. कोंबड्यांचं तयार खाद्य कोकरांना घालायचा मोह होतो, स्वस्त पडतं आणि प्रथिनं भरपूर. घालू नका. त्यात रक्ती हगवणीवर मोनेन्सिनसारखी औषधं मिसळलेली असतात. मेंढीला तिच्या मापात ते चालतं, कोंबडीच्या मापात धोका. आणि शेजारी कुणी वरातीची घोडी पाळत असेल तर गोणी तिच्या वाऱ्यालाही ठेवू नका. घोड्याला शरीराच्या किलोमागे दोन-तीन मिलिग्रॅम मोनेन्सिन जीव घ्यायला पुरतं.

---

जुना_महूकर (निवृत्त पशुवैद्य)

सगळ्यांनी छान लिहिलंय, पण काका, यीस्ट राहू द्या बाजूला. तुम्ही ‘जाता जाता’ म्हणून जे लिहिलंत ते वाचून मी खुर्चीत सरळ बसलो.

आंत्रविषारात कोकरू झटके देतं, मान मागे टाकतं, काही तासांत जातं. हळदीसारखा पिवळेपणा आणि काळपट लाल लघवी हे त्याचं चित्र नव्हे. रक्तातल्या तांबड्या पेशी भराभर फुटल्या की हे दिसतं. गोचिडांचे रक्तातले आजार, लेप्टोस्पायरा, ही कारणं धरावीच लागतात. पण सगळ्यांत दांडगं, सगळ्यांत खादाड, पावडर चालू, दोन महिने झालेले आणि आदल्या दिवशी उपास घडलेला! माझा पहिला संशय तांब्यावर, म्हणजे कॉपर या धातूवर आहे.

मेंढी हे तांब्याच्या बाबतीत कंजूष सावकारासारखं जनावर आहे. आलेलं सोडत नाही. गाय पित्तातून बाहेर टाकते, बकरीसुद्धा बरंच सहन करते, मेंढी यकृतात साठवत राहते. सुक्या खाद्याच्या किलोमागे तिची गरज ७ ते ११ मिलिग्रॅमची. १५ च्या वर रोज जायला लागलं की धोका सुरू. खाद्यात मॉलिब्डेनम (तांबं बांधून ठेवणारा धातू) कमी असेल तर त्याच्याही आत. वाईट हे की साठवण चालू असताना बाहेर काहीच दिसत नाही, कोकरू तुकतुकीत असतं. मग एक दिवस ताण येतो. प्रवास, उपास, अवकाळी पाऊस, काहीही. यकृत एकदम सगळं तांबं रक्तात ओततं, पेशी फुटतात, मूत्रपिंडं तुंबतात. एक-दोन दिवसांत खेळ खलास.

आत्ता करायच्या गोष्टी. ग्रोथवाला डबा आजपासून बंद. गोठ्यात गाईची क्षारांची चाटण वीट टांगली असेल तर तीही उतरवा. डब्याचं लेबल, बारीक अक्षरं, भिंग लावून वाचा आणि इथं लिहा. लाल दोऱ्यातल्या प्रत्येकाची खालची पापणी उलटून बघा: गुलाबी, पांढरी की पिवळी. त्यांना पळवू नका, लोकर कातरू नका, उपाशी ठेवू नका. डबा बंद केल्यावर लगेच सुटका होत नाही, पुढचे काही आठवडेसुद्धा झटका येऊ शकतो. आणि पुढचं एखादं गेलं तर पुरू नका, महूच्या कॉलेजात न्या. १९५५ पासूनचं कॉलेज आहे ते, मी शिकायला गेलो तेव्हाही शवविच्छेदनाचं टेबल दिवसभर ओलं असायचं.

---

खंडवारोडकर

लेबल वाचलं. भिंग कसलं, नातवाच्या मोबाईलनं फोटो काढून मोठा केला.

वर कोंबडा छापलाय. कोंबडा! चार डबे आणले, गाय-कोंबडा-बकरी अशी चित्रं सगळ्यांवर असतातच म्हणून बघितलंच नाही. मात्रा: एक टन खाद्यात ५०० ग्रॅम. घटक: कॉपर, किलोला ८ ग्रॅम. पुढं झिंक, मँगनीज वगैरे.

आता हिशेब, यात तरी मी चुकत नाही. टनाला ५०० ग्रॅम म्हणजे दोनशे ग्रॅम भरड्याला ०.१ ग्रॅम. मी घातला चमचा, मोजला तर पाच ग्रॅम. पन्नासपट. पाच ग्रॅममध्ये तांबं ४० मिलिग्रॅम. चराई धरून कोकराचं सुकं खाणं दिवसाला सहाशे ग्रॅम धरलं तर किलोमागे ६७ मिलिग्रॅम, तेही नुसत्या डब्यातलं. डॉक्टरसाहेब ११ म्हणतात. चाटण वीट होतीच, गाईची, निळे दोरेही तीच चाटत होते. उतरवली.

पापण्या बघितल्या. नऊ गुलाबी. दोन फिक्या पिवळट, १४ नंबर आणि १७ नंबर. १७ खातंय. १४ आज कुडाशी डोकं टेकवून उभं आहे.

दुकानदाराला फोन केला. म्हणाला, “अंकल, सब लोग देते हैं.”

---

जुना_महूकर

१४ ला आत्ताच्या आत्ता न्या, उद्यावर टाकू नका. बाकीच्या लाल दोऱ्यांसाठी अमोनियम मॉलिब्डेट आणि सोडियम सल्फेट तोंडाने द्यायची पद्धत आहे. मॉलिब्डेनम आणि गंधक मिळून तांबं बांधून ठेवतात. पण वजन बघून, प्रत्यक्ष जनावर बघणाऱ्या डॉक्टरकडूनच. इथं मी मात्रा लिहिणार नाही, चमच्याचा अनुभव ताजा आहे.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. इम्युनिटी घरी कशी ओळखायची? काट्यावर दिसत नाही. संशोधन करणारे लस टोचल्यावर रक्तात प्रतिपिंडं किती चढली ते मोजतात. आपण वहीत दोन रकाने वाढवायचे: किती दिवस हगवण आणि किती मेली. ते दोन आकडे वर्षभरानं खाली आले तर वाढली म्हणा.

आणि ती कशानं वाढते ते आटपाडीच्या भावांनी सांगितलंच आहे. मी एवढंच जोडतो की चिकात काय असावं हेही आपल्या हातात आहे. व्यायच्या चार ते सहा आठवडे आधी मेंढीला आंत्रविषाराची लस टोचली की ती प्रतिपिंडं चिकात उतरतात, कोकराला पहिले काही आठवडे फुकट संरक्षण. जंतांकडे बघा. गोल पोटजंत, ज्याला आम्ही हिमोंकस म्हणतो, एक जंत दिवसाला ०.०५ मिलिलिटर रक्त पितो. हजार जंत म्हणजे रोज ५० मिलिलिटर. त्या कोकराला कुठली पावडर पुरणार? पांढरी पापणी दिसली की औषध, सरसकट सगळ्यांना नको, जंत औषधाला सरावतात.

बाभळीच्या शेंगा मिळत असतील तर थोड्या जरूर घाला. त्यातलं टॅनिन प्रथिनाला रुमेनमध्ये सडू देत नाही, पुढं आतड्यात पोचवतं, जंतांनाही काहीसं जाचतं. जास्त झाल्या तर बद्धकोष्ठ आणि भूक मोड, म्हणून थोड्या. बुरशी आलेली पेंड आणि ओला मका मात्र फेकाच. त्यातल्या अफ्लाटॉक्सिननं प्रतिकारशक्ती खरंच ढासळते, आणि त्यावर ‘इम्युनिटी’चे डबे ओतणं म्हणजे फुटक्या माठात पाणी.

चापड बेतानं, विशेषतः नर कोकरांना. कोंड्यात फॉस्फरस फार, चुना (कॅल्शियम) कमी. नरांना लघवीत खडे होतात आणि वाट बंद पडते. कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट राहील असं बघा, पाणी भरपूर. बकरीदसाठी दाण्यावर धरलेल्या नरांना खाद्यात अर्धा टक्का अमोनियम क्लोराइड घालतात. सगळ्या ‘फीड ॲडिटिव्ह’मध्ये डोळे मिटून मान्य करावं असं मला हे एक वाटतं, पण त्यावर छान चित्र छापता येत नाही म्हणून कुणी विकायला येत नाही.

कुणी प्रतिजैविकं घातलेली ‘ग्रोथ’ पावडर दिली तर परत करा. कोलिस्टिन तर २०१९ पासून आपल्याकडं जनावरांसाठी बंदच आहे. युरोपनं वाढीसाठी प्रतिजैविकं देणं २००६ पासूनच बंद केलं.

---

माणदेशी_मेंढका

मी आंत्रविषार म्हनलो ते चुकलं माझं. पिवळं झालेलं मी एकदाच बघितलंय, द्राक्षबागंत कळप बसवला होता तवा. बागेला निळं औषध मारलं होतं, खालचं गवत मेंढरांनी खाल्लं. आमी नजर लागली म्हनलो. मोरचूद म्हंजे तांबंच की, आज ध्यानात आलं. १४ नंबरचं काय झालं दादा?

---

खंडवारोडकर

आठ दिवसांनी लिहितोय, माफ करा.

१४ नंबर महूला पोचलं नाही. शेजाऱ्याच्या मारुती व्हॅनमध्ये मांडीवर घेऊन बसलो होतो, वाटेतच मान टाकली. परत फिरणार होतो, पण ‘पुरू नका’ आठवलं, तसेच पुढं गेलो.

टेबलावर उघडलं. कातडीखालची चरबी पिवळी, यकृत नारिंगी, हात लावला की खचेल असं. मग त्या मुलीनं, शिकणारीच असेल, मूत्रपिंड काढून माझ्यासमोर धरलं. मला वाटलं होतं लाल असेल. काळं-निळं होतं, चकाकणारं, आमच्या वडिलांच्या जुन्या छर्‍याच्या बंदुकीच्या नळीला जसा रंग होता तसा. ती म्हणाली, “अंकल, ये किताब में देखा था, पहली बार हाथ में लिया.” बिचारीला आनंद झाला होता आणि तो लपवताही येत नव्हता. मला राग नाही आला. यकृताचा तुकडा तपासायला ठेवलाय, तांब्याचा आकडा यायचाय, पण मोठ्या डॉक्टरांनी आकड्याची वाट न बघता बाकीच्या दहांना औषध लिहून दिलं. रोज सकाळी बिनसुईच्या पिचकारीनं तोंडात सोडतो. चव वाईट असावी, थुंकतात.

१७ नंबर जगलंय. पापणी अजून पिवळट आहे, पण काल त्यानं दुसऱ्याच्या तोंडातलं ओढून खाल्लं.

बडोद्याच्या ताईंसाठी: यीस्टला फेस आला. चांगला दोन बोटं. म्हणजे तो डबा असली होता. आता बायकोनं त्यातला चमचाभर घेऊन काय करता येईल ते विचारलंय, मी नाही म्हटलं.

मेंढे वेगळे बांधलेत, ज्येष्ठात सोडीन म्हणजे कार्तिकात वितील. पाच महिन्यांचा हिशेब मागं मोजला तर आंत्रविषाराची लस भाद्रपदाच्या शेवटाला येते. वहीत पितृपक्षाच्या पानावर लिहून ठेवलंय. राखणदाराला बॅटरी घेऊन दिली. पुढच्या वेळी दोरे बांधताना चिठ्ठ्या टाकणार, नातू काढेल.

एक अडचण उरलीय. ग्रोथच्या चौथ्या डब्याच्या तळाला दीडएकशे ग्रॅम पावडर आहे. दुकानदार उघडा डबा परत घेत नाही. उकिरड्यावर टाकली तर खतातून रानात जाणार, आणि रानात मेंढ्याच चरतात. गावात एकानं शंभर कोंबड्या ठेवल्यात, त्याला देऊ का? टनाला ५०० ग्रॅम हे मोठ्या अक्षरांत लिहूनच देईन.